पुण्यात कन्सल्टंटची जागा मिळवून देणारी सेवा : एका इंटेन्सिव्हिस्टचा अनुभव

आधी निकाल सांगते. फक्त डॉक्टरांच्या नेमणुका करून देणाऱ्या पुण्यातल्या एका छोट्या ऑफिसमार्फत मला सीनिअर इंटेन्सिव्हिस्ट, म्हणजे आयसीयूची तज्ज्ञ डॉक्टर, म्हणून जागा मिळाली, आणि जागा चांगली आहे. तरीही मी पाचपैकी साडेतीनच तारे देते. उरलेला दीड तारा का कापला ते सविस्तर लिहिते, कारण चाळिशी ओलांडल्यावर चालू काम सोडून मोठ्या शहरात येणाऱ्या डॉक्टरला नेमक्या याच गोष्टी नडतात. ऑफिसचं नाव लिहीत नाही. दोन-तीन माणसांचा व्यवसाय आहे आणि मला तक्रारीही मांडायच्या आहेत. शिवाय अशा कुठल्याही सेवेकडून काय मागून घ्यावं एवढं कळलं तरी वाचणाऱ्याचं काम होईल.

माझं शिक्षण एमडी मेडिसिन, त्यानंतर क्रिटिकल केअरची एफएनबी ही फेलोशिप. सोलापुरात एका खासगी हॉस्पिटलच्या आयसीयूची जबाबदारी बरीच वर्षं सांभाळली. मुलगी शिकायला पुण्यात आली, सासूबाईंचं डायलिसिसही इथेच सुरू झालं, आणि दोन्हीकडे धावणं अशक्य झालं. मला पुण्यात नवा दवाखाना थाटायचा नव्हता. ज्या कामात हात बसलाय तेच काम, त्याच अधिकाराने करायला मिळावं एवढीच इच्छा होती.

ज्युनिअर डॉक्टरची जागा जाहिरातीत दिसते, सीनिअरची सहसा दिसत नाही. विभागप्रमुखाची खुर्ची रिकामी होणार असते तेव्हा बहुतेक वेळा जुने प्रमुख अजून त्याच खुर्चीवर बसून राउंड घेत असतात. मग हॉस्पिटल जाहिरात देणार कसं? बातमी तोंडी फिरते, ओळखीच्या भूलतज्ज्ञाकडून, औषध कंपनीच्या प्रतिनिधीकडून, कॉन्फरन्सच्या जेवणात. सोलापुरात बसलेल्या माणसापर्यंत ती पोचेपर्यंत जागा भरलेली असते. नोकरीच्या वेबसाइट मी पाहिल्या. तिथे ‘इंटेन्सिव्हिस्ट, पुणे’ असं टाकलं की निम्म्याहून जास्त जागा रात्रपाळीच्या रजिस्ट्रारच्या, म्हणजे ज्युनिअर डॉक्टरच्या, निघतात. अशा सेवेची गरज पडते ती इथे, आणि या ऑफिसला ही आतली बातमी खरोखर असते. कुठल्या हॉस्पिटलमध्ये नवा मजला सुरू होतोय, कुठले सर निवृत्त होताहेत, हे त्यांना माहीत होतं आणि ते खरं निघालं.

सरकारी आणि महापालिकेच्या जागांसाठी मात्र त्यांचा काही उपयोग नाही. ससून आणि बी. जे. मेडिकलमधल्या अध्यापकांच्या कायम जागा लोकसेवा आयोगाकडून भरल्या जातात. पुणे महापालिका आणि पिंपरी-चिंचवडचं वायसीएम रुग्णालय यांच्या जाहिराती त्यांच्या संकेतस्थळांवर उघड येतात, कंत्राटी पदांना थेट मुलाखत असते. तिथे मध्यस्थाचं कामच नाही, आणि कुणी ‘करून देतो’ म्हणाला तर तिथून निघावं. मेडिकल कॉलेजच्या जागांबद्दलही त्यांची माहिती जुनी वाटली. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२५मध्ये अध्यापकांच्या पात्रतेचे नियम बदलले. २२० किंवा अधिक खाटांच्या सरकारी रुग्णालयात पदव्युत्तर पदवीनंतर दहा वर्षं काम केलेल्या तज्ज्ञाला आता सहयोगी प्राध्यापक होण्याची वाट मोकळी आहे. माझ्यासारख्या खासगीत काम केलेल्यांना त्याचा फायदा नाही, पण जिल्हा रुग्णालयातून पुण्यात येऊ पाहणाऱ्याला फार मोठा आहे. हे त्यांना मीच सांगितलं.

आता ऑफिसबद्दल. चालवणाऱ्या मॅडम पूर्वी एका हॉस्पिटलच्या एचआरमध्ये होत्या. पहिल्या भेटीत त्यांनी अपेक्षित पगार शेवटी विचारला, हे मला फार आवडलं. पहिला प्रश्न होता, “डॉक्टर, तुमच्या आयसीयूत रात्री दोन वाजता निर्णय कोण घेतं?” मी म्हटलं, “मी किंवा माझा रजिस्ट्रार.” “म्हणजे तुम्हाला ओपन आयसीयूत करमणार नाही,” असं म्हणून त्यांनी यादीतली काही नावं तिथेच खोडली.

हा फरक डॉक्टर नसलेल्यांसाठी सांगते. क्लोज्ड आयसीयूत रुग्ण आत आला की त्याची सूत्रं इंटेन्सिव्हिस्टकडे येतात, मूळ सर्जन किंवा फिजिशिअन सल्ल्याला असतात. ओपन आयसीयूत प्रत्येक रुग्ण आपापल्या कन्सल्टंटचाच राहतो. इंटेन्सिव्हिस्ट व्हेंटिलेटर सांभाळतो, पण अँटिबायोटिक बदलायचं तरी चार फोन करावे लागतात. जाहिरातीत दोन्हीला ‘सुसज्ज अतिदक्षता विभाग’ एवढंच म्हणतात. सीनिअर माणसाला पगारापेक्षा आधी हे कळायला हवं, आणि मॅडमना ते कळत होतं.

पुढचं काम फाइलचं. ते त्यांच्याकडचा एक तरुण मुलगा करतो आणि उत्तम करतो. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते, त्यासाठी वैद्यकीय प्रशिक्षणाची तीस क्रेडिट लागतात, हे सगळ्यांना माहीत असतं. पण अनेकांचं अतिरिक्त पात्रतेच्या नोंदणीकडे दुर्लक्ष होतं. एमडी झाली, एफएनबी झाली, तरी कौन्सिलच्या दप्तरात फक्त एमबीबीएसच असतं. या मुलाने सगळ्यात आधी तेच तपासलं. माझी नोंद होती. दुसरी अडचण मात्र त्यानेच पकडली. माझं एमबीबीएसचं प्रमाणपत्र माहेरच्या नावाचं, एमडीपासून पुढचं सगळं सासरच्या. विवाह नोंदणीचा दाखला आणि राजपत्रातली नावबदलाची नोंद त्याने प्रत्येक संचात प्रमाणपत्रांच्या बरोबर मधे लावली, म्हणजे पान उलटणाऱ्याला शंका यायच्या आत उत्तर समोर. बायका डॉक्टरांनी एवढं नक्की करावं. पुढे एका हॉस्पिटलच्या क्रेडेन्शिअलिंग, म्हणजे डॉक्टरची पात्रता तपासणाऱ्या, समितीत माझ्यासमोरच ते पान उलटलं गेलं आणि कुणी काही विचारलंही नाही.

क्रेडेन्शिअलिंगबद्दल थोडं लिहायला हवं, कारण छोट्या शहरातून येणाऱ्यांना ते नवीन असतं. एनएबीएच हे दर्जाचं राष्ट्रीय मानांकन असलेल्या हॉस्पिटलात नेमणूक झाली म्हणजे सगळं करायची परवानगी मिळाली असं होत नाही. प्रत्येक प्रक्रियेची वेगळी परवानगी लागते. बेडसाइड ट्रॅकिओस्टोमी (गळ्याला छेद देऊन श्वासाची नळी बसवणं), ब्रॉन्कोस्कोपी (दुर्बिणीने श्वासमार्ग तपासणं), एक्मो (रक्ताला शरीराबाहेर ऑक्सिजन देणारं यंत्र), प्रत्येकाची स्वतंत्र नोंद. त्यासाठी ‘अमुक ते अमुक काळ कार्यरत होत्या’ एवढ्या अनुभवपत्राने भागत नाही. कोणत्या प्रक्रिया केल्या आणि किती, हे जुन्या हॉस्पिटलच्या शिक्क्यानिशी लागतं. हे पत्र नोकरी सोडण्याआधी मागावं. सोडल्यानंतर ते मिळायला किती काळ जातो हे ज्याने भोगलंय त्यालाच माहीत. फाइलवाल्या मुलाने मला तयार मसुदा दिला, मी सोलापुरात सही-शिक्का करून घेतला. या एका कामासाठी मी त्यांना पैकीच्या पैकी देईन.

बायोडेटाच्या बाबतीत मात्र वाद झाला. त्यांचा एक ठरलेला साचा आहे आणि त्यात प्रक्रियांचे आकडे वर येतात. मी स्वतः एक पान जोडलं होतं. आमच्या आयसीयूत व्हेंटिलेटरमुळे होणारा न्यूमोनिया आणि सेंट्रल लाइनचे, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेल्या नळीचे, संसर्ग कसे मोजत होतो, ते खाली आणायला काय केलं, कुठलं अँटिबायोटिक कुणाच्या सहीशिवाय सुरू होत नव्हतं, हे सगळं त्यात होतं. ते पान त्यांनी गाळलं. “एवढं कुणी वाचत नाही, डॉक्टर.” मला ते पटलं नाही. श्वासाची ट्यूब टाकता येणारे पुष्कळ आहेत. वॉर्ड चालवलाय की नाही हे त्या पानातून दिसतं, आणि सीनिअर जागेसाठी तेच दिसायला हवं. मी ते परत घालायला लावलं. पुढे ज्या हॉस्पिटलने मला घेतलं, तिथल्या मेडिकल डायरेक्टरांच्या हातात मुलाखतीत तेच पान होतं, कडेला पेन्सिलीच्या खुणांसकट.

आता सगळ्यात गंभीर तक्रार. मला न विचारता त्यांनी माझा बायोडेटा एका हॉस्पिटलला पाठवला. तिथल्या कुणीतरी सोलापुरात ओळखीच्या माणसाला फोन करून ‘कशा आहेत मॅडम?’ अशी चौकशी केली, आणि मी जाते आहे हे माझ्या संचालकांना माझ्याआधी बाहेरून कळलं. इतकी वर्षं एकत्र काम केलेल्या माणसाला ही बातमी माझ्या तोंडून कळायला हवी होती. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. मॅडमनी माफी मागितली, मनापासून मागितली, आणि त्यानंतर प्रत्येक वेळी हॉस्पिटलचं नाव सांगून माझा होकार मेसेजवर घेतला. पण झालं ते झालं. आपल्या क्षेत्रात सगळे एकमेकांना ओळखतात, त्यामुळे गुप्तता हा या सेवेचा पाया आहे. साडेतीनच तारे देण्याचं मोठं कारण हेच. पहिल्याच भेटीत लेखी कळवा : ‘नाव सांगून माझा होकार घेतल्याशिवाय बायोडेटा कुठेही पाठवू नये.’

मुलाखती त्यांनी बऱ्याच लावल्या. एके ठिकाणी समोर तिघं होते आणि पहिलाच प्रश्न, “महिन्याला किती पेशंट आणाल?” आयसीयूतला डॉक्टर पेशंट आणत नाही. पेशंट कॅज्युअल्टीतून येतो, ऑपरेशन थिएटरमधून येतो, वॉर्डात खालावला म्हणून येतो. मी तसं स्पष्ट सांगितलं. बाहेर आल्यावर मॅडम म्हणाल्या, “सोलापूर-धाराशिवकडून रेफरल येतील असं म्हणायचं ना.” मला ते चुकीचं वाटलं आणि अजूनही वाटतं. तिकडच्या रुग्णाला सुमारे अडीचशे किलोमीटरवर आणायचं ते त्याला गरज असेल तर, माझा आकडा भरावा म्हणून नव्हे. त्या जागेचा विषय तिथेच संपला. त्याबद्दल मॅडमनी पुन्हा आग्रह धरला नाही, हेही नोंदवते.

दुसऱ्या ठिकाणची मुलाखत मला आयुष्यभर आवडेल अशी झाली. ज्येष्ठ डॉक्टरांनी २०२५च्या जानेवारीतल्या जीबीएसच्या, म्हणजे नसांवर हल्ला करून हातपाय लुळे पाडणाऱ्या आजाराच्या, साथीवरून प्रश्न विचारला. सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत रुग्ण एकदम वाढले होते आणि अनेकांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला होता. “असे पाच रुग्ण एका आठवड्यात तुमच्याकडे आले, तर काय कराल?” उपचार कोणता, आयव्हीआयजी की प्लाझ्मा एक्स्चेंज, हे त्यांना ऐकायचं नव्हतं. जीबीएसचा रुग्ण व्हेंटिलेटरवर गेला तर कित्येक आठवडे तिथेच राहू शकतो, शुद्धीत असतो, सगळं ऐकतो, पण हलू शकत नाही. पाच खाटा महिनाभर अडकल्या की नेहमीचे सेप्सिसचे, अपघाताचे रुग्ण कुठे ठेवायचे, ट्रॅकिओस्टोमी किती लवकर करायची, फिजिओथेरपिस्ट रात्री मिळेल का, नातेवाइकांशी रोज कोण बोलणार, यावर आम्ही खूप वेळ बोललो. मग मी त्यांना विचारलं, तुमच्याकडे बरं होण्याची आशा नसलेल्या रुग्णाचे उपचार थांबवण्याचा निर्णय कसा होतो? सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये निकाल दिला, २०२३मध्ये प्रक्रिया सोपी केली. हॉस्पिटलने उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ यांचं प्राथमिक मंडळ नेमायचं असतं. त्यांनी नेमलेलं होतं. ज्या हॉस्पिटलने ते नेमलेलं नसतं तिथे हा भार एकट्या इंटेन्सिव्हिस्टवर पडतो, मध्यरात्री, कॉरिडॉरमध्ये, रडणाऱ्या माणसांसमोर.

मॅडमचं सगळ्यात मोठं काम यानंतरचं. मी म्हटलं होतं, सही करण्याआधी एक रात्र तो आयसीयू पाहायचाय. अशी मागणी त्यांच्याकडे आधी कुणी केली नव्हती. तरी त्यांनी मेडिकल डायरेक्टरांकडून रीतसर परवानगी आणली. पाहुणी म्हणून, कुठल्याही रुग्णाला हात लावायचा नाही, अशा अटीवर.

रात्रीची ड्यूटी बदलताना मी भिंतीला टेकून उभी होते. इन्चार्ज सिस्टरनी प्रत्येक खाटेपाशी थांबून हँडओव्हर दिला, कागद वाचून नव्हे, पेशंटकडे बघून. सहा नंबरच्या आजोबांचं डोकं किती अंशांवर उचललंय ते त्यांनी हाताने तपासलं, कॅथेटरची तारीख वाचली, मग पुढे गेल्या. व्हेंटिलेटरवरच्या प्रत्येक रुग्णामागे एक नर्स होती. दोन खाटांच्या मधे हँडरबची बाटली होती आणि ती अर्धी रिकामी होती. नवी कोरी भरलेली बाटली दिसली की मला काळजी वाटते. नंतर मी सिस्टरना विचारलं, “रात्री ट्यूब निघाली तर आत कोण असतं?” त्या क्षणभर थांबल्या. “मॅडम, आठवड्यातले चार दिवस एमडी झालेले असतात. बाकीचे दिवस आरएमओ असतात. चांगले आहेत, पण ट्यूब टाकायला ते वरून भूलवाल्या डॉक्टरना बोलावतात.”

आपल्याकडे किती आयसीयूंत रात्री आयुष शाखेचे (आयुर्वेद, होमिओपॅथी वगैरे शिकलेले) आरएमओ, म्हणजे निवासी डॉक्टर, असतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. ती मुलं जिवाचं रान करतात. मी त्यांच्याबरोबर वर्षानुवर्षं काम केलंय आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण श्वासाची ट्यूब निघालेल्या रुग्णाकडे काही मिनिटंच असतात. त्या मिनिटांत वरच्या मजल्यावरून कुणी येईपर्यंत वाट पाहणं हा कुठल्याही हॉस्पिटलचा बेत असू शकत नाही. सिस्टरनी खरं सांगितलं म्हणून मला करारात काय मागायचं ते कळलं.

करारावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, आणि वाचणाऱ्यांनीही घालवावा. मोठ्या खासगी हॉस्पिटलांत सीनिअर डॉक्टर बहुधा पगारी नोकर नसतो, तो ‘प्रोफेशनल’ असतो. म्हणजे पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, भरपगारी रजा नाही. फीवर दहा टक्के टीडीएस कापून पैसे येतात आणि विवरणपत्र आपण व्यावसायिक म्हणून भरायचं. सुरुवातीला काही महिने किमान हमी असते, ज्याला सगळे एमजी म्हणतात. एमजीचा आकडा मोठा दिसतो म्हणून भुलू नये. समजा हमी चार लाखांची आहे. एका महिन्यात तुमच्या व्हिजिटचे पाच लाख झाले आणि पुढच्या महिन्यात तीन. हिशेब महिन्यावारी असेल तर तुम्हाला पाच आणि चार मिळून नऊ लाख मिळतात. सरासरीवर असेल तर आठच. माझ्या मसुद्यात यावर एक शब्दही नव्हता. दुसरं, फी बिलावर की वसुलीवर, म्हणजे हॉस्पिटलच्या हाती प्रत्यक्ष आलेल्या रकमेवर? विमा कंपनीने कापलेली रक्कम, महात्मा फुले जनआरोग्य योजनेतल्या ठरीव पॅकेजमधला वाटा, हे सगळं त्या एका शब्दात बसतं. धर्मादाय हॉस्पिटल असेल तर आणखी एक प्रश्न. तिथे दहा टक्के खाटा निर्धन आणि दहा टक्के दुर्बल घटकांतल्या रुग्णांसाठी राखीव असतात. त्या रुग्णांच्या व्हिजिटचं काय ठरलंय ते आधी विचारावं. मी त्या फी आनंदाने सोडते, पण त्या एमजीच्या हिशेबात ‘कमी काम’ म्हणून धरल्या जाऊ नयेत.

सोडून गेल्यावर दोन वर्षं अमुक किलोमीटरच्या आत काम करू नये असंही एक कलम होतं. करार कायदा १८७२च्या कलम २७प्रमाणे काम संपल्यानंतरचं असं बंधन टिकत नाही. करार चालू असताना ‘दुसरीकडे काम नाही’ हे मात्र टिकतं. माझ्या वकील मावसभावाने ते कलम काढायला सांगितलं, कारण टिकत नसलं तरी नोटीस येते आणि मनस्ताप होतो. विम्याचंही पाहावं. १९९५च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून रुग्ण ग्राहक न्यायालयात जाऊ शकतो, हे डॉक्टरांना माहीत आहेच. पण व्यावसायिक जोखमीची पॉलिसी दावा येतो त्या दिवशी चालू असावी लागते, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. जुन्या हॉस्पिटलच्या सामूहिक पॉलिसीवर असलात आणि नोकरी सोडलीत, तर मागच्या कामाचं संरक्षण सुटू शकतं. मी सुरुवातीपासून स्वतःची पॉलिसी चालू ठेवली होती, ती तशीच पुढे नेली.

मग ‘फोन आल्यापासून तीस मिनिटांत हजर’ हे कलम. मी सिंहगड रोडला राहते, हॉस्पिटल नदीपलीकडे, शहराच्या पूर्व टोकाला. संध्याकाळी सात वाजता तीस मिनिटांत मी राजाराम पुलाच्या पुढे सरकले तरी खूप. मेट्रो वनाझ ते रामवाडी धावते, त्यामुळे दिवसा तिचा आधार आहे, पण रात्रीच्या कॉलला ती नसते. मॅडम म्हणाल्या, “सगळेच यावर सही करतात, डॉक्टर. कुणी घड्याळ लावत नाही.” खोटं ठरणार हे माहीत असलेल्या ओळीवर मी सही करणार नव्हते. शिवाय मी पोचण्याने तो प्रश्न सुटतच नव्हता. मी लिहून दिलं : पाच मिनिटांत फोनवर सल्ला, शक्य तितक्या लवकर प्रत्यक्ष हजेरी, आणि हॉस्पिटलच्या बाजूने, इंट्युबेशन (श्वासाची ट्यूब टाकणं) स्वतंत्रपणे करू शकणारा डॉक्टर चोवीस तास आयसीयूच्या आत.

“हॉस्पिटलवरची बंधनं डॉक्टरच्या करारात कुणी लिहीत नाही,” मॅडम म्हणाल्या. त्यांचे पैसे हॉस्पिटल देतं. नेमणूक झाली की साधारण एका महिन्याच्या रकमेइतकी फी, माझ्याकडून एक रुपयाही नाही. त्यामुळे सही लवकर व्हावी असं त्यांना वाटणं स्वाभाविक आहे, आणि त्या आठवड्यात त्यांचे फोन वाढले ते मला जाणवलं. हे दुसरं कारण तारे कापण्याचं. पण त्यांनी माझा कागद नेला. परत आल्या तेव्हा ते वाक्य करारात नव्हतं, परिशिष्टात होतं, मेडिकल डायरेक्टरांच्या सहीने, उरलेल्या तीन रात्रींसाठी भरती करण्याच्या तारखेसह. मी सही केली. ती भरती ठरल्यापेक्षा थोडी उशिरा, पण झाली. आता सातही रात्री आत ट्यूब टाकता येणारा माणूस असतो.

रुजू झाल्यानंतर पहिले तीन महिने ऑफिसमधून नियमित चौकशी व्हायची, कारण तेवढ्या काळात डॉक्टर सोडून गेला तर त्यांना बदली माणूस द्यावा लागतो. त्यानंतर फोन बंद झाले. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

फिजिशिअन, इंटेन्सिव्हिस्ट, भूलतज्ज्ञ, रेडिओलॉजिस्ट यांनी अशा सेवेकडे जरूर जावं. सर्जन मंडळींना कितपत उपयोग होईल याची शंका आहे. त्यांचं सगळं ऑपरेशन थिएटरच्या वेळांवर आणि साहित्यावर अवलंबून असतं, आणि त्या बाबतीत इथे नेमकी माहिती मिळाली नाही. माझी एक भूलतज्ज्ञ मैत्रीण सध्या यांच्यामार्फतच कोल्हापुरातून पुण्यात येते आहे. बायोडेटा पाठवण्याआधी नाव सांगण्याची अट तिने पहिल्याच दिवशी घातली आणि ती पाळली जाते आहे. काल तिने मला कराराचा मसुदा पाठवला. त्यात फी ‘वसुलीनंतर’ लिहिली आहे आणि वसुलीला मुदत नाही. मी तिला नव्वद दिवसांची मुदत घालून मागायला सांगितलंय. हॉस्पिटलचं उत्तर अजून यायचंय.